पदवी आणि पदक

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाची धावपळ सुरू होते आणि महाराष्ट्रातील असंख्य घरांत एक निर्णय कोणताही गाजावाजा न होता घेतला जातो. जिल्ह्यासाठी, क्वचित राज्यासाठी धावलेल्या मुलाचे बूट माळ्यावर जातात. मुलीचा खो-खोचा गणवेश घडी घालून कपाटाच्या तळाशी ठेवला जातो. 'आता कॉलेज सुरू झाले, खेळ पुरे' एवढे एक वाक्य त्यासाठी पुरते. घरात कोणी रागावत नाही, भांडण होत नाही. उलट मुलगा शहाणा झाला, असे समाधान व्यक्त होते. अशा रीतीने एक खेळाडू संपतो आणि त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

ही गळती किती गंभीर आहे, हे समजण्यासाठी दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. 'खेलो इंडिया' युवा क्रीडा स्पर्धांत २०१९ साली पुण्यात, २०२० साली गुवाहाटीत आणि २०२५ साली बिहारमध्ये महाराष्ट्राने सर्वसाधारण विजेतेपद पटकावले. म्हणजे शाळकरी आणि कुमार वयात आपली मुले देशात कोणाला हार जात नाहीत. दुसरीकडे, ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारा महाराष्ट्राचा पहिला खेळाडू १९५२ साली झाला आणि दुसरा २०२४ साली. मध्ये तब्बल ७२ वर्षे गेली. या अंतराची कारणे अनेक आहेत. प्रशिक्षण, साधने, पैसा, क्रीडा संघटनांमधील राजकारण ही सारी त्यांत येतात. परंतु सतरा-अठराव्या वर्षापर्यंत फुललेले गुण विशी गाठण्यापूर्वीच कोमेजत असतील, तर त्या दोन-तीन वर्षांकडे समाजाने डोळे उघडून पाहिले पाहिजे. ती वर्षे नेमकी महाविद्यालय प्रवेशाची असतात.

अभ्यास आणि खेळ यांत वैर असते, ही समजूत आपल्या परंपरेतून आलेली नाही. द्रोणाचार्यांच्या आश्रमात शस्त्र आणि शास्त्र एकाच गुरूच्या हाताखाली शिकवले जात असे. समर्थ रामदासांनी गावोगावी मारुतीची स्थापना केली आणि त्या मंदिरांच्या आश्रयाने तालमी उभ्या राहिल्या. त्याच समर्थांनी दासबोधही दिला. बलोपासना आणि ज्ञानोपासना ही एकाच साधनेची दोन अंगे आहेत, हा त्यामागील विचार होता. वसाहतकाळात शिक्षणाचा हेतू सरकारी कारकुनी हा ठरला आणि परीक्षा हेच शिक्षणाचे सर्वस्व झाले. इंग्रजांनी महाविद्यालयांना जिमखाने दिले हे खरे, परंतु मैदान विद्येच्या बाहेर ठेवले. स्वातंत्र्यानंतरही आपण ही रचना तशीच चालू ठेवली. त्याचा दोष केवळ परक्यांना देऊन भागणार नाही.

याच चौकटीत शिकलेल्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण मराठी माणसाला सांगावे लागू नये. बळवंतराव टिळक १८७० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले, तेव्हा प्रकृतीने किरकोळ होते. कॉलेजातील पहिले वर्ष त्यांनी जाणीवपूर्वक व्यायाम, कुस्ती आणि पोहणे यांना दिले आणि त्यासाठी त्या वर्षीच्या परीक्षेवर पाणी सोडले. पुढे तेच टिळक पहिल्या वर्गात बी.ए. झाले. मंडालेच्या तुरुंगातील सहा वर्षे सोसणारी आणि तेथे 'गीतारहस्या'सारखा ग्रंथ सिद्ध करणारी प्रकृती त्या एका वर्षात घडली होती. टिळकांचा हा निर्णय धाडसी होता. पण त्यांना एक वर्षाची किंमत मोजावी लागली, हेही विसरू नये. शरीर घडवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला तेव्हाची व्यवस्था दोहोंपैकी एकच देऊ शकत होती. दीड शतकानंतरही विद्यार्थ्यापुढे तोच पर्याय ठेवला जात असेल, तर आपण काय साधले?

व्यवस्था जिथे कमी पडते तिथे माणसे उभी राहतात, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे टिळक हायस्कूलचे आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत सहावे स्थान मिळवले. मॅटवरची कुस्ती त्यांना तोवर जवळजवळ अपरिचित होती. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्याची वेळ आली, तेव्हा प्रवासखर्चाला पैसे नव्हते. गोळेश्वरच्या ग्रामस्थांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. आज १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी खाशाबांच्या बरोबरीने त्या प्राचार्यांचेही स्मरण व्हायला हवे. महाविद्यालयाने खेळाडूसाठी काय करावे, याचा याहून मोठा धडा दुसरा नाही.

खाशाबा ज्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरले, त्याच स्पर्धेत भारतीय फुटबॉल संघाचे कर्णधार होते नागा टेकड्यांतून आलेले तालिमेरेन आओ. ते कोलकात्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. मुलाने डॉक्टर व्हावे, ही त्यांच्या दिवंगत वडिलांची इच्छा. मोहन बागानसारख्या नामांकित संघाकडून ते खेळत होते, भारतीय पथकाचा ध्वज त्यांच्या हाती होता, परदेशातही त्यांच्या खेळाची वाहवा झाली. तरीही त्यांनी वैद्यकीय शिक्षण सोडले नाही. १९५० साली पदवी घेऊन ते आपल्या प्रदेशात परतले आणि उरलेले आयुष्य तेथील लोकांच्या आरोग्यसेवेत घालवले. मैदानावर देशाचे नेतृत्व करणारा तरुण परीक्षाही देत होता आणि गावाकडे परतण्याचे भानही त्याने सोडले नव्हते. ईशान्य भारताच्या या सुपुत्राची ओळख महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना अजून व्हायची आहे.

ही दोन चरित्रे एकत्र पाहिली की प्रश्नाची दोन्ही टोके हाती येतात. खाशाबांच्या कथेत संस्थेचे दायित्व दिसते, तालिमेरेन यांच्या कथेत विद्यार्थ्याची निष्ठा दिसते. यांपैकी एक जरी नसेल तरी तोल जातो.

आजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा दिवस कसा असतो, हे एकदा मांडून पाहावे. गंभीरपणे खेळणाऱ्या मुलाला सकाळी दोन आणि सायंकाळी दोन तास सराव लागतो. व्याख्याने आणि प्रात्यक्षिके यांत पाच तास जातात. शहरांत ये-जा करण्यात दोन तास सहज मोडतात. शरीराची झीज भरून यायची तर आठ तासांची झोप हवी. उरतात पाच तास, आणि त्यांतच स्नान, भोजन, घरची कामे आणि अभ्यास बसवायचा असतो. हे गणित अवघड आहे, अशक्य नाही. मात्र त्यात एक जरी गोष्ट विस्कटली तरी सारा दिवस विस्कटतो. शाळेत असताना हे गणित आई-वडील आणि शिक्षक सोडवत असत. महाविद्यालयात ते अचानक अठरा वर्षांच्या मुलावर येऊन पडते, तेही नव्या गावात, वसतिगृहाच्या खोलीत आणि खानावळीच्या जेवणावर.

त्यात वेळापत्रकांची टक्कर होते. जूनमध्ये सुरू झालेले पहिले सत्र दिवाळीच्या आसपास परीक्षेपाशी येते. नेमक्या त्याच सुमारास आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा संपून विद्यापीठाचे संघ निवडले जातात, सराव शिबिरे लागतात आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. एका दालनात बसून परीक्षेच्या तारखा ठरतात, दुसऱ्या दालनात स्पर्धेच्या. दोन्ही दालने एकाच विद्यापीठाच्या इमारतीत असतात, पण त्यांचे आपसांत बोलणे होत नाही. विद्यापीठाच्या संघातून खेळायला गेलेला विद्यार्थी परत येतो तेव्हा त्याची अंतर्गत चाचणी होऊन गेलेली असते, प्रयोगवहीची मुदत टळलेली असते आणि ७५ टक्के हजेरीच्या यादीत त्याच्या नावापुढे लाल खूण पडलेली असते. ज्या विद्यापीठाचे नाव छातीवर लावून तो धावला, त्याच विद्यापीठाच्या दप्तरी तो गैरहजर ठरतो.

धोरणे नाहीत, असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातील भिंत पाडण्याची भूमिका घेतली. महाराष्ट्रात पदवी अभ्यासक्रमांची नवी रचना २०२३-२४ पासून स्वायत्त आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आली. तीत क्रीडेसारख्या सह-अभ्यासक्रम उपक्रमांना श्रेयांक आहेत. मिळवलेले श्रेयांक श्रेयांकपेढीत जमा राहतात आणि शिक्षणात खंड पडला तरी पुढे उपयोगी येतात. म्हणजे टिळकांना जे वर्ष गमवावे लागले, ते आजच्या विद्यार्थ्याने गमावण्याचे कारण उरलेले नाही. 'खेलो इंडिया' योजनेत निवडलेल्या खेळाडूंना वर्षाला पाच लाख रुपयांचे साहाय्य आठ वर्षांपर्यंत देण्याची तरतूद झाली. २०२० पासून विद्यापीठांच्या स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या 'खेलो भारत नीती'चा एक आधारस्तंभच क्रीडा आणि शिक्षण यांची सांगड हा आहे. दिल्लीने दिशा दिली. पण धोरण दिल्लीत ठरते आणि हजेरी वर्गात घेतली जाते. धोरणाचा आशय वर्गशिक्षकाच्या वहीपर्यंत पोहोचला नाही, तर तो कागदावरच राहतो.

ही सांगड घालण्यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. विद्यापीठाने शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी परीक्षा आणि स्पर्धा यांचे एकत्रित वेळापत्रक जाहीर करावे. अधिकृत स्पर्धेत असलेल्या विद्यार्थ्याची हजेरी धरावी आणि त्याची हुकलेली चाचणी ठराविक मुदतीत पुन्हा घ्यावी. हे प्राचार्यांच्या कृपेवर न सोडता नियमाने करावे. प्रत्येक महाविद्यालयाने खेळाडू विद्यार्थ्यांमागे एक पालक-प्राध्यापक नेमावा. शारीरिक शिक्षण संचालक आणि विषयशिक्षक महिन्यातून एकदा समोरासमोर बसले, तरी निम्म्या अडचणी तिथेच सुटतील. प्राचार्यांनी घर गहाण ठेवण्याची आज गरज नाही. महिन्यातील एक तास द्यायचा आहे.

येथे एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख करणे आवश्यक आहे. खेळाडू विद्यार्थ्याला सोय हवी, खिरापत नको. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळासाठी २५ गुणांपर्यंत सवलत देण्यामागे शासनाचा हेतू चांगला होता. पण अनेक पालकांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. गुण मिळेपर्यंत मूल मैदानावर आणि गुण मिळाले की मैदान बंद, असा व्यवहार रूढ झाला. शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के खेळाडू आरक्षणाचा फायदा उपटण्यासाठी बोगस क्रीडा प्रमाणपत्रे तयार करण्याची प्रकरणेही राज्यात उघडकीस आली. जो कधी मैदानात घाम गाळायला उतरला नाही, तो खऱ्या खेळाडूचे स्थान बळकावतो, तेव्हा तो केवळ शासनाला फसवत नाही. पहाटे उठून सराव करणाऱ्या प्रत्येक मुलाच्या विश्वासाला तो तडा देतो. उत्तरपत्रिका न लिहिता उत्तीर्ण करून देणारी महाविद्यालयेही याच पंक्तीत बसतात. खेळाडूला परीक्षेतून सोडवणे म्हणजे त्याच्यावर उपकार करणे नव्हे. पाय मुरगळला आणि खेळ संपला, तर त्या कोऱ्या पदवीचा त्याला काय उपयोग?

पदवीचे मोल खेळ संपल्यानंतर कळते, आणि बहुतेक खेळांत तो तिशीच्या आसपास संपतो. साताऱ्याच्या माणदेशातील मोही या गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. १९८४ साली पी. टी. उषा यांनी अशी कामगिरी केली होती. त्यानंतर ऑलिंपिकच्या धावपट्टीवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्याच भारतीय महिला. पुढे राज्य शासनाने थेट नियुक्तीने त्यांना उपजिल्हाधिकारी संवर्गात घेतले. अशा पदासाठी पायांच्या वेगाबरोबर पदवीही लागते. २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसळे हे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे, एका शिक्षकाचे चिरंजीव. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत ते घडले आणि रेल्वेतील नोकरी सांभाळत त्यांनी ऑलिंपिक गाठले. त्याच पॅरिसमध्ये दोन कांस्यपदके मिळवणाऱ्या मनू भाकर यांनी दिल्लीच्या लेडी श्रीराम महाविद्यालयात राज्यशास्त्राचा अभ्यास केला. पदवी आणि पदक यांत एकाचीच निवड करावी लागते, या समजुतीला एवढे उत्तर पुरे.

व्यवस्थेकडून अपेक्षा करताना विद्यार्थ्याचे कर्तव्यही तितक्याच परखडपणे सांगितले पाहिजे. महाविद्यालयाचे पहिले वर्ष हे स्वातंत्र्याचे पहिले वर्ष असते आणि स्वातंत्र्य शिस्तीशिवाय टिकत नाही. मैदानावरचा वक्तशीरपणा वर्गात का दिसू नये? पहिल्याच आठवड्यात स्पर्धांच्या संभाव्य तारखा प्राध्यापकांना लेखी कळवाव्यात; परीक्षेच्या आदल्या दिवशी जिमखान्याचे पत्र घेऊन धावाधाव करू नये. विषय निवडताना सोपा विषय शोधण्यापेक्षा आवडीचा शोधावा, कारण थकलेल्या शरीराला आवडीचाच विषय जागे ठेवतो. वर्गातील एका मित्राशी टिपणांची देवाणघेवाण ठरवून ठेवावी. रोज ठराविक दीड तास वाचन, प्रवासातही एखादे पुस्तक आणि मोबाईलवर मर्यादा, एवढे पथ्य पाळले तरी सत्राच्या शेवटी डोंगर उभा राहत नाही. अभ्यासासाठी झोप मोडणे हा सर्वांत घातक मार्ग आहे. त्यात अभ्यासही नीट होत नाही आणि दुखापतही जवळ येते. एखादी स्पर्धा परीक्षेसाठी सोडावी लागली, तर प्रशिक्षकाशी बोलून सोडावी आणि तो पराभव मानू नये. कोणत्या दिवशी कशाला प्राधान्य द्यायचे, हे ओळखणे हाच तोल.

मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी कठीण होतो. मुलाला 'थोडे कमी खेळ' असे सांगितले जाते, मुलीला 'आता पुरे'. पहाटेच्या सरावाला अंधारातून जायचे कसे, परगावच्या स्पर्धेत मुक्काम कोठे, सोबत महिला व्यवस्थापक आहे का, हे पालकांचे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांना उपदेशाने उत्तर देता येत नाही. त्यासाठी महाविद्यालयाने विश्वासार्ह व्यवस्था द्यावी लागते. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी अजिंक्यपद मिळवले. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. मातीतल्या या खेळाने मराठी मुलीला विश्वविजेती केले. आपल्या मुलीचा गणवेश कपाटात ठेवण्यापूर्वी प्रत्येक घराने क्षणभर थांबून हे आठवावे.

घरांबरोबर समाजातील संघटनांवरही जबाबदारी येते. मैदानावरील एक तास माणूस घडवतो, हा विचार संघकार्याने शाखेच्या रूपाने प्रत्यक्षात आणून दाखवला आहे. कबड्डी, खो-खो आणि सूर्यनमस्कार यांतून शिस्त, समरसता आणि संघभावना रुजते, हे सांगण्यासाठी परदेशी अभ्यासांची गरज नाही. क्रीडा भारती खेळाडूंच्या मातांचा जिजामातांच्या नावाने सन्मान करते, त्यामागेही खेळाडू घरात घडतो हीच जाण आहे. आता पुढचे पाऊल टाकले पाहिजे. प्रत्येक नगरात निवृत्त शिक्षक आहेत, प्राध्यापक कार्यकर्ते आहेत, विद्यार्थी परिषदेचे तरुण आहेत. परगावाहून आलेल्या खेळाडू विद्यार्थ्याचा हुकलेला भाग आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवणे त्यांना अवघड नाही. ग्रामीण भागातील मल्ल किंवा धावपटू शहरात आला, तर त्याच्या जेवणाच्या डब्याची सोय एखादी वस्ती सहज करू शकते. वारावर जेवून शिकलेल्या विद्यार्थ्यांची मोठी परंपरा महाराष्ट्राला आहे. तीच परंपरा खेळाडूंसाठी पुन्हा जागवता येईल. ग्रामस्थांच्या वर्गणीने खाशाबा हेलसिंकीला गेले, तेव्हा त्या गावाने कोणत्या योजनेची वाट पाहिली नव्हती.

स्वामी विवेकानंदांनी तरुणांना बलाची उपासना सांगितली, कारण दुर्बल देहात तत्त्वज्ञान तग धरत नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्याचबरोबर विवेकाविना बळ आंधळे असते, हेही तितकेच खरे. देहाने सुदृढ आणि बुद्धीने प्रगल्भ असा तरुण ही राष्ट्राची खरी संपत्ती असते, आणि असा तरुण घडण्याचे वय सतरा ते एकवीस हेच आहे. दरवर्षी २९ ऑगस्टला मेजर ध्यानचंदांच्या जयंतीदिनी राष्ट्रीय क्रीडा दिनाची भाषणे होतात आणि हारतुरे दिले जातात. त्याऐवजी प्रत्येक महाविद्यालयाने त्या दिवशी आपल्या पहिल्या वर्षाच्या खेळाडूंची यादी काढावी. बारावीपर्यंत खेळत असलेल्यांपैकी किती जण आज मैदानावर आहेत आणि किती जण वर्गात मागे पडत आहेत, हे नावानिशी तपासावे आणि त्यांतील प्रत्येकाशी कोणी तरी बोलावे. माळ्यावर गेलेले बूट खाली काढण्याची वेळ सत्र संपल्यावर येत नाही. ती सत्र सुरू असतानाच असते.